आलेखाची परस्परसंवादी खिडकी आणि चलाची व्याप्ती (पायथन)

पायथन या आज्ञावली भाषेत आलेखाची परस्परसंवादी खिडकी म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उघडणारी, माउस व कळफलक यांना प्रतिसाद देणारी आणि आज्ञावली चालू असतानाही बदलू शकणारी आलेखाची चौकट होय. चलाची व्याप्ती, म्हणजेच स्कोप, हा आज्ञावलीचा असा भाग असतो की ज्यात एखादे नाव ओळखले जाते. पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय निरनिराळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्ष कामात मात्र ते एकमेकांत गुंतलेले आढळतात. ज्या फंक्शनने खिडकी उघडली ते संपल्यावरही खिडकी पडद्यावर राहू शकते. पण त्या फंक्शनच्या आत निर्माण झालेली नावे सामान्यतः त्याच्याबरोबरच नाहीशी होतात. बटण न चालणे, मोजणी न वाढणे, चुकीचा आलेख उमटणे यांसारख्या अनेक दोषांचे मूळ या विसंगतीत असते.

इतिहास

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली व १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात आलेख काढण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे ग्रंथालय मॅटप्लॉटलिब हे असून त्याचे जनक जॉन हंटर (१९६८–२०१२) हे होत. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेतांचा अभ्यास करताना त्यांना मॅटलॅबसारखे, परंतु मुक्त असे साधन हवे होते. त्या गरजेतून २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब प्रसिद्ध झाले. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या संवादी कवचाशी त्याची सांगड घातली गेली. त्यामुळे एक ओळ लिहावी, आलेख पाहावा आणि पुढची ओळ लिहावी, अशी कामाची पद्धत रूढ झाली.

व्याप्तीचे नियमही याच काळात बदलत गेले. फंक्शनच्या आत लिहिलेल्या दुसऱ्या फंक्शनला बाहेरील फंक्शनची नावे दिसण्याची सोय २००१ मध्ये आवृत्ती २.१ मध्ये ऐच्छिक म्हणून आली व आवृत्ती २.२ पासून ती कायम झाली. बाहेरील फंक्शनच्या नावाला आतून नवे मूल्य देता यावे यासाठी ‘नॉनलोकल’ हा शब्द २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्ती ३.० मध्ये समाविष्ट करण्यात आला.

चलाची व्याप्ती

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘चल’ म्हणजे बदलती किंमत धारण करू शकणारे अक्षर. पायथनमधील चलाची कल्पना याहून थोडी निराळी आहे. येथे चल हे वस्तूला लावलेले नाव असते. एकाच वस्तूला अनेक नावे असू शकतात आणि एकच नाव एका वस्तूवरून काढून दुसरीला लावता येते. सामान्यतः एखाद्या वस्तूकडे नेणारा कोणताही संदर्भ उरला नाही, तर ती वस्तू स्मृतीतून काढून टाकली जाते.

नाव शोधताना पायथन चार पातळ्या क्रमाने पाहते:

१. स्थानिक – चालू फंक्शनच्या आतील नावे.
२. परिवेष्टित – ते फंक्शन ज्या फंक्शनच्या आत लिहिले आहे, त्यातील नावे.
३. जागतिक – संपूर्ण फाइलच्या पातळीवरील नावे.
४. अंगभूत – भाषेबरोबरच मिळणारी नावे.

नाव वाचताना हा क्रम पाळला जातो. नावाला मूल्य देताना मात्र नियम वेगळा आहे. फंक्शनमध्ये कोठेही एखाद्या नावाला मूल्य दिले असेल, तर ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक मानले जाते. हा निर्णय फंक्शन चालण्यापूर्वीच झालेला असतो. ज्या ओळीत मूल्य दिले आहे तिच्या आधीच्या ओळींनाही तो लागू पडतो. बाहेरील नावालाच नवे मूल्य द्यायचे असेल, तर ‘ग्लोबल’ किंवा ‘नॉनलोकल’ या शब्दाने तसे आधी जाहीर करावे लागते.

यादीत भर घालणे किंवा कोशातील एखादी नोंद बदलणे म्हणजे नावाला नवे मूल्य देणे नव्हे. त्या क्रियेत नाव केवळ वाचले जाते व वस्तूच्या आत बदल होतो. त्यामुळे बाहेरील यादीत भर घालण्यासाठी ‘ग्लोबल’ लिहिण्याची आवश्यकता नसते.

खिडकीचे कार्य

खिडकी जिवंत राहण्यासाठी पार्श्वभूमीवर एक चक्र सतत फिरावे लागते. त्याला इव्हेंट लूप म्हणतात. माउसची टिचकी, कळ दाबणे, खिडकीचा आकार बदलणे या घटनांची नोंद हे चक्र घेते व त्या त्या घटनेसाठी नेमून दिलेले फंक्शन चालवते. अशा फंक्शनला कॉलबॅक असे नाव आहे. चक्र थांबले की खिडकी दिसत राहते, पण प्रतिसाद देत नाही. दीर्घ गणना चालू असताना खिडकी करडी पडून ‘प्रतिसाद नाही’ असा संदेश येतो, तो यामुळेच.

मॅटप्लॉटलिबमध्ये खिडकी दाखवण्याच्या दोन पद्धती आहेत.

थांबणारी पद्धत: ‘शो’ हा आदेश देताच आज्ञावली त्या ओळीवर थांबते, इव्हेंट लूप सुरू होतो आणि वापरकर्त्याने सर्व खिडक्या बंद केल्यावरच पुढची ओळ चालते. फाइल स्वरूपातील आज्ञावली चालवताना सामान्यतः हेच घडते.

न थांबणारी पद्धत: ‘आयऑन’ या आदेशाने संवादी अवस्था सुरू केल्यास खिडकी उघडून आज्ञावली लगेच पुढे जाते. आयपायथनसारखे कवच वापरकर्त्याच्या पुढील ओळीची वाट पाहत असताना इव्हेंट लूप फिरवत राहते, म्हणून तेथे खिडकी जिवंत असते. फाइल स्वरूपातील आज्ञावलीत ही अवस्था वापरली आणि शेवटी थांबण्याची सोय केली नाही, तर आज्ञावली संपताच खिडकीही क्षणार्धात मिटते. ‘पॉज’ हा आदेश दिलेल्या सेकंदांपुरता इव्हेंट लूप चालवतो. टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या आलेखांसाठी तो उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष खिडकी काढण्याचे काम टीके, क्यूटी यांसारख्या साधनांवर आधारलेले बॅकएंड करतात. ‘एजीजी’ हा बॅकएंड केवळ प्रतिमा तयार करतो, खिडकी उघडत नाही; पडदा नसलेल्या सर्व्हरवर तो वापरला जातो. ज्युपिटर वहीच्या सर्वसाधारण मांडणीतही खिडकी उघडत नाही, आलेखाचे स्थिर चित्र उमटते. तेथे परस्परसंवादी आलेख हवा असल्यास ‘आयपीवायएमपीएल’ ही जोडणी स्वतंत्रपणे बसवावी लागते.

आकृती, खिडकी आणि नाव

मॅटप्लॉटलिबमध्ये आकृती ही आलेख धारण करणारी वस्तू आणि खिडकी हे तिचे पडद्यावरील रूप होय. आकृतीला दिलेले चल या दोहोंपासून निराळे असते. या तिघांचे आयुष्य सारखे असत नाही.

पायप्लॉट हा मॅटप्लॉटलिबचा भाग उघड्या आकृत्यांची स्वतःची नोंदवही ठेवतो. त्यामुळे आकृतीचे चल पुसून टाकले तरी खिडकी बंद होत नाही आणि आकृती स्मृतीत राहते. आवर्तनात शेकडो आलेख काढून एकही ‘क्लोज’ न केल्यास स्मृती भरत जाते; वीसपेक्षा अधिक आकृत्या उघड्या राहिल्यास मॅटप्लॉटलिब तशी सूचना देते. याउलट, वापरकर्त्याने खिडकी बंद केली की नोंदवहीतून आकृतीचे नाव निघते. परंतु आज्ञावलीत तिला लावलेले चल शिल्लक असेल तर आकृती जिवंत राहते व ती फाइलमध्ये साठवताही येते.

आलेख साठवताना कोरी प्रतिमा मिळण्याचा परिचित दोष याच भेदातून उद्भवतो. ‘शो’ नंतर पायप्लॉटच्या सर्वसाधारण आदेशाने प्रतिमा साठवली, तर खिडकी बंद झाल्यामुळे ‘चालू आकृती’ उरलेली नसते. पायप्लॉट नवी रिकामी आकृती तयार करते आणि तीच साठवली जाते. आकृतीला आधीच नाव देऊन त्या नावामार्फत प्रतिमा साठवल्यास, किंवा ‘शो’ पूर्वीच साठवल्यास हा दोष टळतो.

नेहमी आढळणारे दोष

निर्जीव बटण

बटण, स्लायडर यांसारखी नियंत्रणे इव्हेंट लूपशी जोडली जातात, पण ही जोडणी दुबळ्या संदर्भाने होते. खिडकी त्या नियंत्रणांना स्मृतीत धरून ठेवत नाही. फंक्शनच्या आत स्लायडर तयार केला आणि फंक्शन संपले, तर त्याचे स्थानिक नाव जाते व त्याबरोबर नियंत्रणही जाते. चित्र पडद्यावर राहिल्याने स्लायडर दिसतो, मात्र सरकत नाही.

हाच मजकूर फाइल म्हणून चालवला व त्या फंक्शनच्या आतच थांबणारा ‘शो’ असला, तर स्लायडर व्यवस्थित चालतो. खिडकी उघडी असेपर्यंत फंक्शन संपतच नाही आणि त्याची स्थानिक नावे टिकून असतात. आयपायथनच्या संवादी अवस्थेत ‘शो’ थांबत नाही, फंक्शन लगेच संपते व स्लायडर निर्जीव होतो. एकच आज्ञावली एका ठिकाणी चालते व दुसरीकडे चालत नाही, या गोंधळाचे हे एक प्रमुख कारण आहे. नियंत्रण फंक्शनमधून परत करून बाहेर एखाद्या नावात ठेवणे हा यावरील उपाय होय. चलच्चित्र आलेखांनाही, म्हणजे ‘फंकॲनिमेशन’ या वस्तूलाही, हाच नियम लागू आहे.

न वाढणारी मोजणी

टिचक्या मोजणाऱ्या कॉलबॅकमध्ये बाहेरील मोजणीत एक मिळवण्याचा प्रयत्न केला, तर त्या नावाला मूल्य दिले जात असल्याने ते स्थानिक ठरते. स्थानिक नावाला अद्याप मूल्य नसते, त्यामुळे ‘अनबाउंडलोकलएरर’ हा दोष येतो. परस्परसंवादी खिडकीत तो सहज लक्षात येत नाही. कॉलबॅकमधील दोषाचा संदेश सहसा मागील टर्मिनलवर छापला जातो आणि खिडकी उघडीच राहते. वापरकर्त्याला एवढेच दिसते की टिचकी मारूनही काही घडत नाही. ‘ग्लोबल’ किंवा ‘नॉनलोकल’ची घोषणा करणे, अथवा मोजणी एखाद्या वस्तूच्या आत ठेवणे हे उपाय आहेत.

शेवटचेच मूल्य

आवर्तनात एकामागून एक कॉलबॅक तयार केले असता प्रत्येक कॉलबॅक आवर्तनाच्या चलाचे त्या क्षणीचे मूल्य साठवून ठेवत नाही. तो केवळ नाव लक्षात ठेवतो. टिचकी पडते तेव्हा आवर्तन संपलेले असते आणि त्या नावाशी शेवटचे मूल्य जोडलेले असते. परिणामी सर्व बटणे एकच उत्तर देतात. येथे कोणताही दोषसंदेश येत नाही, म्हणून हा दोष इतरांपेक्षा अधिक धोक्याचा आहे. कॉलबॅक तयार करतानाच मूल्य त्याच्या पूर्वनिर्धारित प्राचलात बांधणे, ‘पार्शल’ वापरणे किंवा कॉलबॅक घडवणारे स्वतंत्र फंक्शन लिहिणे, यांपैकी कोणताही मार्ग चालतो.

वहीतील शिळी नावे

ज्युपिटर वहीतील वेगवेगळ्या कप्प्यांत फंक्शनबाहेर लिहिलेली सर्व नावे एकाच जागतिक व्याप्तीत असतात. कप्पा पुसला तरी त्यात निर्माण झालेले नाव स्मृतीत राहते. त्यामुळे फंक्शनमध्ये प्राचल द्यायचे राहून गेले, तरी जुन्या नावाच्या आधारे आलेख उमटतो आणि चूक झाकली जाते. वही नव्याने सुरू करून सर्व कप्पे वरून खाली क्रमाने चालवणे ही याची साधी तपासणी होय.

उदाहरण: जालना जिल्ह्याचा पाऊस

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. जिल्हा अवर्षणप्रवण मराठवाड्यात मोडतो; २०१२–१३ च्या दुष्काळाची तीव्र झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. राज्याच्या कृषी विभागामार्फत तालुका व महसूल मंडळ यांनुसार पर्जन्यमानाची दैनिक आकडेवारी प्रसिद्ध केली जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने पाव अंशाच्या चौकटींत मांडलेली देशाची दैनिक पर्जन्यमाहिती १९०१ पासून उपलब्ध आहे आणि पायथनमध्ये ती वाचण्यासाठी ‘आयएमडीलिब’ हे ग्रंथालय वापरता येते.

या आकडेवारीवर आठ बटणांची एक खिडकी करायची आहे असे मानू. तालुक्याचे बटण दाबताच त्या तालुक्याच्या पावसाचा आलेख दिसावा, ही अपेक्षा. तालुक्यांची यादी वर दिलेल्या क्रमाने आवर्तनात घेतली, प्रत्येक बटण ‘बटण’ या एकाच नावात ठेवले आणि कॉलबॅकमध्ये ‘तालुका’ हे आवर्तनाचे चल वापरले, तर दोन दोष एकदम उद्भवतात. पहिली सात बटणे निर्जीव होतात, कारण त्यांच्याकडे नेणारे नाव पुढच्या फेरीत दुसऱ्या बटणाला लागलेले असते. चालते ते केवळ मंठ्याचे बटण.

ही अडचण ओळखून सर्व बटणे एका यादीत ठेवली, की आठही बटणे चालू लागतात. परंतु आता प्रत्येक बटणावर मंठ्याचाच आलेख दिसतो. आलेखाचे शीर्षकही त्याच चलावरून घेतले असेल, तर शीर्षकात ‘मंठा’ वाचून चूक उमगण्याची शक्यता असते. शीर्षक बटणावरील मजकुरावरून घेतले असेल, तर ‘जाफ्राबाद’ या शीर्षकाखाली मंठ्याचा पाऊस दिसतो आणि आलेख पाहून चूक ओळखता येत नाही. ‘तालुका’चे मूल्य प्रत्येक कॉलबॅकच्या प्राचलात बांधल्यावरच खिडकी बरोबर चालते.

तालुक्यांची अशी अदलाबदल किरकोळ मानता येत नाही, कारण दुष्काळ जाहीर करण्याचे एकक तालुका हे आहे. २०२३ च्या खरीप हंगामासाठी राज्य शासनाने ऑक्टोबर अखेरीस १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड व मंठा या पाच तालुक्यांचा समावेश होता. जाफ्राबाद, परतूर व घनसावंगी हे तीन तालुके त्या यादीत नव्हते. जमीन महसुलात सूट, कृषी पंपांच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी यांसारख्या सवलती अशा घोषणेशी जोडलेल्या असतात. हा निर्णय पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा अशा अनेक निर्देशांकांवर होतो, एखाद्या आलेखावर नव्हे. तथापि आकडेवारी तपासणाऱ्या पत्रकाराच्या, अभ्यासकाच्या वा ग्रामपंचायतीच्या हाती चुकीच्या तालुक्याचा आलेख पडल्यास त्यावर आधारलेले म्हणणेही चुकीचे ठरते.

देवनागरी लेखन

पायथनच्या आवृत्ती ३.० पासून चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘पाऊस’ किंवा ‘तालुका’ ही नावे ग्राह्य आहेत. भाषेचे राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. ‘ऱ्या’सारखे अक्षर जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाच्या साहाय्याने टंकित केले असल्यास ते नाव नाकारले जाते, कारण ते चिन्ह नावात चालत नाही. आज्ञावलीत संख्या देवनागरी अंकांत थेट लिहिता येत नाही. तथापि मजकूर म्हणून आलेल्या ‘७२५’सारख्या देवनागरी अंकांचे रूपांतर ‘इंट’ हे अंगभूत फंक्शन योग्य संख्येत करते. मराठी तक्त्यांतील आकडेवारी वाचताना याचा उपयोग होतो.

मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नसल्याने आलेखावर त्यांच्या जागी चौकोन उमटतात. देवनागरी टंक निवडल्यावरही अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व इकार व जोडाक्षरे विस्कळीत दिसतात, कारण अक्षरे जुळवण्याची स्वतंत्र प्रक्रिया त्यांत नाही. खिडकीच्या वरच्या पट्टीतील शीर्षक कार्यप्रणाली लिहिते, त्यामुळे तेथे मराठी मजकूर सहसा शुद्ध दिसतो.

महाराष्ट्रातील अध्यापन व विकास

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी त्रिमितीय आलेखांसाठी ‘मायावी’ हे पायथन साधन विकसित केले. त्यातील दृश्य माउसने फिरवता येते. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पाने वैज्ञानिक कामासाठी पायथनच्या प्रसाराचे कार्य हाती घेतले. संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील पायथन मालिकेत आयपायथनची ओळख, परस्परसंवादी पद्धतीने आलेख काढणे, आलेख साठवणे आणि फंक्शनचा वापर या विषयांवर पाठ आहेत. या प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले जातात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमात चलाची व्याप्ती हा घटक संगणकशास्त्र या विषयात, तर मॅटप्लॉटलिबने आलेख काढणे हा घटक इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस या विषयात आहे. त्यामुळे एकच विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन घटकांचा परस्परसंबंध अभ्यासक्रमातून सहसा समजत नाही.

हे सुद्धा पहा

पायथन (आज्ञावली भाषा)
मॅटप्लॉटलिब
ज्युपिटर वही
जालना जिल्हा
मराठवाड्यातील दुष्काळ
भारतीय हवामानशास्त्र विभाग